बाहुली कोपऱ्यातलं कुलूप

निघोज्याच्या आमच्या बालवाडीत रचनावाद आला तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. प्रशिक्षणात सांगितलं, मुलं खेळातून आपली आपण शिकतात, बाईंनी मध्ये तोंड घालायचं नाही. आणि मी गप्प बसायचं? कमालच झाली! पण बाहुली कोपरा मांडला आणि बघत बसायला लागले.

चार वर्षांची एक मुलगी रोज एकच खेळ खेळायची. आईवडील लातूरकडचे, दोघंही कंपनीत. आई पहिल्या शिफ्टला, वडील रात्रपाळीला. ही बाहुलीला खोक्यात बसवायची, झाकण लावायची आणि वरून किल्ली फिरवल्यासारखं करायची. मग बाकीची पोरं शेजारी चिडीचूप बसायची. एरवी छप्पर डोक्यावर घेणारी पोरं! त्या शांततेनं मला कसंतरीच व्हायचं. थोड्या वेळानं ती म्हणायची, “पप्पा सुटले,” आणि झाकण काढायची.

त्या दिवशी झाकण निघेचना. खाऊची वेळ झाली, पोरं उठली, ही तिथंच.

“अगं, पप्पा सुटले नाहीत का?”

“आज ओव्हरटाइम हाय.”

“आणि आत कोण आहे गं?”

“बाळ. माझा भाऊ. मी शाळेत येते ना, मग मम्मी कुलूप लावून जाते. पप्पा आले की काढतात.”

वर्ग मदतनीस ताईंवर सोपवला, तिचा हात धरला आणि तिच्या खोलीवर गेले. दाराला खरंच कुलूप. खोलीमालक आमच्याच भावकीतला, शेजारीच राहणारा.

“आक्का, कसलं बाळ?” तो म्हणाला. “नवरा-बायको अन् ही पोर, तिघांनाच खोली दिलीय म्या. कधी रडणं ऐकलं न्हाई आमी.”

मी दाराला कान लावला. आत काहीच नाही. वर पत्रा तापत होता. क्षणभर मलाही वाटलं, पोरीनं मनानंच रचलं असेल.

“हाय आत,” ती हळूच म्हणाली. “गावाहून आणलाय. मालकांनी ऐकलं तर खोली जाईल. म्हणून रडायचं नसतं. मीच शिकवलंय त्याला.”

“तोड ते कुलूप! बघत काय बसलायस?” मी मालकावर ओरडले.

दार उघडलं. दीडेक वर्षाचं पोर भिंतीला टेकून बसलं होतं, घामानं निथळत, टक्क जागं. कडेवर घेतलं तरी हूं नाही की चूं नाही.

“रड रे सोन्या, रड की आता!” मीच रडत म्हणत होते.

तो बहिणीकडे बघत राहिला. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं टाहो फोडला.