छत गळत होतं, पण पाऊस कुठे होता?

अगं, फोन जरा कानाशी धर. काकूची चौकशी अशी घाईघाईत करतात होय! आज तलासरीत पाण्याच्या टाक्या सांधणाऱ्याच्या दुकानावरून जाताना फायबर चिकटवायच्या रसायनाचा तो उग्र वास आला, आणि तुझे काका आठवले. निवृत्तीनंतर त्यांनी गाडीमागे ओढायचं ते छोटं फायबरचं फिरतं घर घेतलं आणि इथे झरीला आपल्या घराच्या अंगणात उभं केलं. थंडीत आम्ही त्यातच झोपायचो, तर रोज सकाळी भिंती ओल्या, गादी ओली. आभाळात ढग नाही, मग पाणी येतं कुठून? ते त्याच रसायनाने छतावर फटी बुजवत बसायचे, मी खालून ओरडायचे, "अहो, गळकी वस्तू विकून टाका बघू!" त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. एकदा पाहुणे आले म्हणून आम्ही घरात झोपलो, आणि सकाळी आत सगळं खडखडीत कोरडं! मी चक्रावलेच. ते खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून हसले, "अगं, छत नाही, आपण दोघंच गळतोय!" मग श्वासाची वाफ बाहेर जावी म्हणून रात्री खिडकी किलकिली ठेवू लागलो. आता खिडकी लावून झोपले तरी माझ्या एकटीच्या श्वासाने काच जेमतेम ओलावते, आणि मला कळेनासं होतं, उघडावी की लावावी. ये गं लवकर, चार दिवस माझ्यासोबत त्यात झोपायला.