दोन साडूंची गळाभेट

आमच्या घरमालकांइतका नाराज माणूस अख्ख्या चेन्नईत सापडणार नाही, आणि सापडलाच तर ते त्याच्यावरही नाराज होतील. वेलचेरीत त्यांचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर ते, तळमजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ आणि गच्चीवरच्या खोलीत मी, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरी करणारा सांगलीचा भाडेकरू. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. ते बोलतात ती मराठी अस्सल आणि मी बोलतो ती 'टीव्हीची', असा त्यांचा निकाल आहे. हॉटेलातल्या सांबाराचा ते नुसता वास घेतात आणि वाटी परत पाठवतात. सांबार तंजावरच्या राजवाड्यात जन्मलं, हे तर ते अशा थाटात सांगतात की त्या दिवशी फोडणीला हेच उभे होते असं वाटावं. त्यात आमसूल हवं, चिंच म्हणजे भ्रष्टाचार. नेमकी आईच्या वर्षश्राद्धाला धाकट्यानं चिंच घातली आणि तेव्हापासून भावाभावांत अबोला सुरू झाला. एकदा पावसात तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा धाकटा बायकोसह वर राहायला आला. यांनी त्याला आपला पलंग दिला, स्वतः सतरंजीवर झोपले, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. "पलंग दिल्हा तो भावास," असं मला नंतर समजावून सांगितलं. "चिंच घालणारासी मी बोलत नाहीं."

अशा माणसाला जगात एकच गोष्ट पसंत होती, ती म्हणजे दर शुक्रवारी संध्याकाळी लागणारी एक मराठी विनोदी मालिका. एकाच जिन्यावर समोरासमोर राहणारे दोन साडू आणि त्यांची न संपणारी भांडणं, एवढाच तिचा ऐवज. मला ती कधी सोसली नाही. पहिल्या वर्षीचे विनोद तिथे दर वर्षी नवे कपडे घालून येत. पण घरमालक आंघोळ करून, भस्म लावून तिच्यासमोर बसत. गंमत म्हणजे खालीही तीच लागलेली असे. विनोद झाला की वर हे खदाखदा हसत आणि त्याच क्षणी खालून धाकट्याचं हसू येई. त्या हसण्याचा शेवट हमखास खोकल्यात होई. हे मग मालिका सोडून, खोकला थांबेपर्यंत कान देऊन बसत आणि वर म्हणत, "हंसावयाची रीत नाहीं मेल्यास!"

शेवटच्या भागाला मला खास बोलावणं होतं. इडल्या होत्या, आमसुलाचं सांबार होतं. भाग सुरू झाला आणि पाहतो तर एक साडू दवाखान्यात, दुसरा दाराशी हुंदके देतोय, मागे सनई. विनोद औषधालाही नव्हता. मग गळाभेट, दोन्ही कुटुंबांचं सामुदायिक रडणं आणि शेवटी माणसं जोडण्याबद्दल भलामोठा उपदेश. लिहिणाऱ्याला घरी जायची घाई झाली होती, दुसरं काय! घरमालकांनी टीव्ही बंद केला.

"पोदुम! पुरे!" ते कडाडले. "इतक्या वर्षांचें भांडण दहा मिनिटांत मिटविलें? भांडण म्हणजे काय डोसा का रे अप्पा, उलथला कीं झालें?"

पुढचा आठवडाभर त्यांनी इस्त्रीवाल्याला, दाताच्या डॉक्टरला, शेअर ऑटोतल्या अनोळखी बाईला, मराठीचा गंध नसलेल्या प्रत्येकाला तमिळमधून हा अन्याय ऐकवला. आयुष्यभर हसवणाऱ्यानं जाताना रडू नये, रडायचंच होतं तर पहिल्या दिवशी सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही.

पुढच्या शुक्रवारी भाडं द्यायला गेलो तेव्हा ते त्याच वेळी, तसेच भस्म लावून बसले होते. त्या जागी नवी मालिका लागली होती, तीत सासू सुनेकडे नुसतीच रोखून बघत होती. यांनी टीव्हीचा आवाज पार बंद करून ठेवला होता.

"खालीं कांहीं ऐकूं येतें कीं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा जमिनीकडे कान दिला. "तो हंसे, खोके, मग थांबे. म्हणजे बरा आहे. शुक्रवारीं कळत होतें. आतां कसें कळावें?"

"मग खाली जाऊन विचारा ना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे अशा तुच्छतेनं पाहिलं, जणू तो शेवटचा भाग मीच लिहिला होता. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, एरवीपेक्षा खूप हळू.

"खालीं जाशील तेव्हां पाहून ये. मी सांगितलें म्हणूं नको."

माझ्या खोलीत दूध होतं, तरी मी पिशवी घेऊन दूध आणायला खाली उतरलो.