रडणाऱ्याला पाणी न देणारी आत्या

रडणाऱ्या माणसाला पाणी देऊ न देणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि ती नेमकी माझी सख्खी आत्या आहे. गंगापूर रोडवरच्या तिच्या छोट्या क्लिनिकमध्ये अपघातातून, मारहाणीतून, नाही नाही त्या प्रसंगातून गेलेली माणसं येतात. बसलेला धसका अंगात मुरतो, तेव्हा तो अंगातूनच बाहेर काढायचा, हे तिचं काम. समोरचा माणूस थरथरायला लागला की आपली तंतरते. आत्याचा चेहरा मात्र, धसका सुटायला लागला म्हणून, हापूसची पहिली पेटी उघडल्यासारखा फुलतो. चुलतबहिणीच्या पाठवणीत नवरी हुंदके देऊ लागली, तशा चारी दिशांनी काकवा ग्लास घेऊन धावल्या. आत्या पदर खोचून मध्ये उभी! "आधी तिला धड रडू द्या!" काकवा हटेनात, तेव्हा सगळे ग्लास तिने स्वतःच रिकामे केले. लग्नाच्या व्हिडिओत नवरीपेक्षा आत्याच जास्त दिसते.

मंडईतही तिला चैन नसते. भाव पाडून मागितल्यावर कोथिंबीरवाली भडकली, तर ही मायेने विचारते, "मावशी, हा राग अंगात कुठे जाणवतोय?" मावशी म्हणाली, "अंगात नाय, जुडीत हाय. घ्यायची तर घ्या, नायतर ठिवा खाली." आत्याने मुकाट्याने घेतली, वर घरी येऊन त्या बाईचं तोंड भरून कौतुक केलं.

पण देवळ्याहून कांदा आणताना घाटात माझ्या दादाची पिकअप उलटली, आणि आमच्या घरातलं हसू आटलं. दादाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त पुन्हा गाडीत बसला की किल्लीवरचा हात लाकडासारखा व्हायचा. गाडी विकून अंबडच्या एखाद्या कंपनीत लागतो, म्हणाला. गाडीवर जीव असलेला माणूस तो! आईने आत्याला गाठलं. "तू एवढ्या लोकांना बरं करती, घरचं लेकरू तुला जड झालं?"

"वहिनी, नात्यातल्या माणसाला मी उपचाराला घेत नाही. माझाच जीव खालीवर होईल." तिने त्याला आपल्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं आणि तिथे काय चालतं याबद्दल दादाला अवाक्षर विचारायचं नाही, असं ठरवलं. जिचं तोंड झोपेतही बंद नसतं, तिने! दर रविवारी यायची, दादाशी कांद्याच्या भावावर बोलायची आणि ओठ चावत परत जायची. आईने तिच्याशी अबोला धरला होता.

अशाच एका रविवारी दादा अंगणात उभ्या पिकअपमध्ये जाऊन बसला आणि गदगदा हलायला लागला. आई ग्लास घेऊन धावली. आत्याने दारातच तिच्या कमरेला मिठी घातली. "नको वहिनी, होऊ दे त्याचं." आई हिसडे देत होती, पाणी दोघींच्या अंगावर सांडत होतं, आणि दोघीही रडत होत्या. दादा थरथरून शांत झाला, त्याने मोठी जांभई दिली आणि उतरून म्हणाला, "पोहे आहेत का?" आईने त्या दिवशी आत्यालाही पोहे वाढले.

मग बऱ्याच दिवसांनी दादा मला आणि आत्याला घेऊन त्याच घाटात गेला. वळणावळणाला मी सीट घट्ट धरली. आत्या ओठ चावत खिडकीबाहेर बघत होती. घाट उतरल्यावर दादाने गाडी कडेला घेतली. "आत्या, विचार ना आता. काय विचारायचंय ते विचार."

आत्याने त्याच्याकडे बघितलं.

"जेवलास का रे?" ती म्हणाली.