तिसरी फिल्म

आमच्या टॉवेल कारखान्याची फिल्म काढायला मंद्रूपहून एक लग्नाचा व्हिडिओवाला आला होता. ती एका मोठ्या हॉटेलला दाखवायची होती. त्यांची ऑर्डर हुकली तर निम्मे माग बंद पडणार होते. म्हणून मी बावीस मुद्द्यांची यादीच त्याच्या हातात ठेवली. पहिला मुद्दा मालकांचं भाषण, दुसरा मालकांचे सत्कार.

प्रत्येक मुद्द्याला तो "व्हय की, ताई" म्हणायचा आणि कानावर खोचलेली पेन्सिल उगाच चाचपायचा. मालक वीस मिनिटं बोलले. तो मान डोलवत राहिला. मधूनच म्हणाला, "साहेब, हनुवटी जरा वर."

आठवड्याने तो फिल्म घेऊन आला, दोन मिनिटांची. आमच्या मागावरची बाई नळावर तोंड धुते, टॉवेलने पुसते आणि क्षणभर त्यातच तोंड खुपसून थांबते. मालक कुठेच नाहीत.

"अहो, माझी नोकरी जाईल!"

"ही गिऱ्हाइकाची हाय, ताई. मालकांची येगळी केलीया, गुलाबाच्या पाकळ्या टाकून. लग्नात बी मामांची येगळीच करतो. जो तो सोतालाच हुडकत बसतोय की!"

मी हॉटेलला एक पाठवली, मालकांना दुसरी दिली. ऑर्डर आली. ती भाषणामुळेच आली, असं मालक अजून सांगतात.

त्या दिवशी जाताना त्याने मला एक तिसरीही दिली होती. तीत मी यादीवर खुणा करत कारखानाभर फिरते आहे आणि वरून पाकळ्या पडताहेत. ती मी किती वेळा पाहिली, तेवढं मात्र लिहून ठेवलेलं नाही.