आतून कडी लागेल अशी खोली

मी तीन दिवस गाडी घेऊन एकटीच फिरायला जाणार म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो मुक्कामाचा. टायर कसे आहेत, रस्ता ठाऊक आहे का, असलं काही कुणी विचारलं नाही. आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. वाद घालायच्या आधी ते हातातल्या पेपराची नीट घडी घालतात. तशी घातली आणि म्हणाले, "ऱ्हाणार कुठं?"

"लॉजवर."

"लॉजवर? फलटणला माझी मामेबहीण हाय. विट्यात चुलतभाऊ हाय. सांगलीत तर तुझीच मावसबहीण. लॉजवर काय करायला?"

"झोपायला."

"बघू एकट्या बाईला कोण खोली देतंय ते. सांजच्याला घरी असशील."

ते हसले, आणि त्या हसण्यानंच माझं ठरलं. काहीही झालं तरी सांजच्याला घरी यायचं नाही.

मला काय हवं होतं ते इथंच सांगून टाकते, कारण घरात सांगितलं तेव्हा ते कुणालाच कळलं नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते. लहानपणी आम्ही पाच भावंडं एका वाकळेत झोपायचो. लग्न झालं, हे सीमेवर, म्हणून सोबतीला सासूबाई शेजारी. मग कुशीत पोरं. नाइट ड्यूटीला टेबलावर डोकं टेकलं तरी एक कान बाळंतिणीच्या खोलीकडे. निवृत्त झाल्यावर एकदा सहज मोजायला बसले, तर आयुष्यात एका खोलीत एकटी झोपले अशी एकही रात्र सापडेना. मला धक्काच बसला. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तर मला एक खोली हवी होती. स्वस्त, शांत, आणि आतून कडी लागेल अशी. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात जा, असं मुलानं फोनवर सुचवलं. ती हॉटेलं मी बघितली आहेत. पुढं लॉन, लॉनवर लग्न, लग्नात डीजे. शिवाय माझं पेन्शन दुसऱ्यांच्या वरातीत घालवायची मला हौस नाही. पण एक मात्र खरं. महागड्या ठिकाणी एकट्या बाईला कुणी काही विचारत नाही. प्रश्न सगळे स्वस्तातल्या बाईलाच असतात.

फलटणमध्ये दुपारी त्याचा पडताळा आला. स्टँडपासून जरा आत, गल्लीत एक लॉज होतं. बाहेरून बरं, आवाज नाही. काउंटरवर मुंडासं बांधलेला माणूस होता, त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या मागं उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं.

"सायेब गाडीत हायती का?"

"साहेब घरी आहेत. मी एकटी आहे."

"मग न्हाई जमायचं, मॅडम. एकट्या बाईमाणसाला आमी देत न्हाई."

"असा नियम कुठं लिहिलाय? दाखवा."

त्यानं भिंतीकडे हात केला. भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मी चष्मा लावून ते कॅलेंडर सावकाश वाचलं, अमावस्या-पौर्णिमेसकट. म्हटलं, "ह्यात तर नाही लिहिलेलं." मागं दोन गडी बॅगा घेऊन उभे होते, त्यांना चावी देऊन तो मोकळा झाला. त्यांना बायका कुठं आहेत म्हणून विचारलं नाही.

तिथून निघाले ती तडक औंधला आले. यमाईच्या डोंगराखाली सावलीत गाडी लावली आणि डब्यातली भाकरी खाल्ली. तेवढ्यात यांचा फोन.

"मिळाली का खोली?"

"जेवतीय मी."

"म्हंजे न्हाई मिळाली." पुन्हा तेच हसू. "रहिमतपूरवरनं ये. तासाभरात पोचतीस. बाहेरचा लाइट लावून ठिवतो."

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. नाही म्हटल्याचं एवढं वाईट वाटत नाही. पण चौतीस वर्षं अर्ध्या तालुक्याची बाळं या हातांनी बाहेर काढली, आणि एक मुंडासेवाला मला कॉटवर पडायला लायक नाही म्हणतो, हे घशाखाली उतरेना. घरचा रस्ता एकीकडे, विट्याचा दुसरीकडे. मी हात धुतले आणि विट्याकडे वळले.

विट्यात पाचच्या सुमाराला पोचले. मुख्य रस्ता सोडून मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बी-बियाणांचं दुकान आणि वर लॉज. मॅनेजर म्हणजे साठीचा गृहस्थ, कपाळाला बुक्का, बोलायला मऊ. त्यानं साहेबांची चौकशी केली नाही. आधार कार्ड घेतलं, आडनाव वाचलं, गाव वाचलं, आणि मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं.

"माहेर कुठलं म्हनायचं?"

सांगितलं.

"बरं, बरं. मंग मिस्टर फौजी का?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या भागात माणसाचं आडनाव, गाव आणि बायकोचं माहेर एवढं कळलं, की पुढं पाहुणा निघायला तीन मिनिटं पुरतात. पण त्यानं चावी दिली आणि मी हुरळून गेले. वर गेले. एक कॉट, धुतलेली चादर, पंखा, खिडकीबाहेर दुकानाच्या गोदामाचा पत्रा. दार लावलं, आतून कडी घातली आणि चपला न काढता कॉटवर पडले. कुठं काही वाजत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. दारावर टकटक. "बाई, पाव्हनं आल्यात तुमचं."

खाली जाऊन बघते, तर आमचे चुलतदीर जीप घेऊन हजर. शेजारी त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. मॅनेजर दोन्ही हात जोडून उभा, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. गावात सख्खं-चुलत माणूस असताना बाई लॉजवर उतरते, म्हणजे घरातून भांडून आली असणार, असा त्या भल्या माणसानं हिशेब केला होता. आडनावावरून त्यानं ओळखीच्या ओळखी लावल्या आणि दिरांना फोन करून बोलावून घेतलं.

"वयनी, ह्ये काय?" दीर पायरीवरूनच ओरडले. "आमी मेलो का?"

"मेला न्हाई, भावजी. चांगले धडधाकट आहात."

"मंग? लोक काय म्हंत्याल? चुलतभाऊ गावात आन् थोरली वयनी लॉजवर! मला तोंड दावायला जागा ठिवली न्हाई तुमी. चला. कालवण चुलीवर हाय."

"उद्या दुपारी जेवायला येते. पोटभर जेवीन. रात्री इथंच झोपणार."

त्यांनी यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बियाणांच्या दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकंही ऐकायला पुढं सरकली. हे म्हणाले, "जा की त्यांच्या घरी. तिथं काय झोप येत न्हाई?"

तिथं मला खरोखर कशी झोप येते ते मी त्या सगळ्यांसमोर सांगितलं. पाहुण्यांकडे गेलं की आधी चहा, मग गल्लीतल्या बायका. मी सिस्टर, म्हणून प्रत्येकीचा दंड पुढं, प्रत्येकीचं बीपी. मग कुणाच्या सुनेचे रिपोर्ट, कुणाच्या नातवाचा खोकला. जेवण दहाला, गप्पा बारापर्यंत, आणि मग माझी गादी हॉलमध्ये सहा जणींच्या मधोमध. पहाटे पाचला लाइट. माया आहे, मला ठाऊक आहे. पण मायेत झोप होत नाही. "चौतीस वर्षं जागरण केलंय," मी म्हटलं, "आता एक रात्र मला कुणीबी नको. तुमी नको, ह्ये नको, देव आला तरी नको."

यांनी फोन ठेवून दिला. दीर मात्र हटेनात. माझ्याशी जमेना म्हणून बायकोकडे वळले. "तू वर जा गं. वयनीची पिशवी घिऊन ये खाली."

ती मुकाट्यानं जिना चढली. मी मागोमाग गेले, पिशवी वाचवायला.

खोलीत येऊन ती पिशवीला हात न लावता कॉटच्या कडेवर बसली. पंख्याकडे बघितलं. मग उठून तिनं दार लावलं आणि कडी सरकवली, ती नीट बसते का ते एकदा हलवून बघितलं, आणि पुन्हा येऊन बसली.

"हितं कोन येत न्हाई मधी?"

"कडी काढल्याशिवाय कसं येईल?"

"सकाळी कोन उठवतं?"

"कुणी नाही."

तिनं चादरीवरून एकदा हात फिरवला. चाळिशीची असेल. सात म्हशी, उसाला पाणी रात्रीचं, दोन पोरं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं घर. ती म्हणाली, "आक्का, माझं सिझर झालं तवा बी सासू खाटंखाली झोपली व्हती. मी हितं ऱ्हाऊ का?"

आता खोटं कशाला सांगू, मला ते नको होतं. एवढा झगडा करून मिळवलेली खोली, आणि तिच्यात पुन्हा शेजारी कुणीतरी. माझा चेहरा पडला असणार, कारण ती घाईनं म्हणाली, "तुमच्यात न्हवं. तुमी झोपा तुमचं. मला दुसरी मिळंल का? एकटीला?"

मला माझीच लाज वाटली. तिचा हात धरून मी खाली आले आणि मॅनेजरला म्हटलं, "अजून एक खोली द्या. हिला."

मॅनेजर गडबडला. "हिला? पर आधार लागंल त्यांचं."

"ते कपाटात हाय," जाऊ म्हणाली. "चावी ह्यांच्यापशी."

दीर तोंड उघडं टाकून बघत होते. चावी त्यांच्या करगोट्याला होती, हे गावाला ठाऊक. ती काही ते काढून देणार नव्हते.

"मंग मला देता येत न्हाई," मॅनेजर म्हणाला. "ओळख लागती, बाई. कायदा हाय."

तोपर्यंत मी त्याच्यावर चिडले नव्हते, माणूस चांगला होता. पण आता माझी सटकली. "ओळख? मघाशी माझं नुसतं आडनाव वाचून तुम्ही हिच्या घरापर्यंत पोचलात. ही कोण, कुणाची, कुठल्या गल्लीतली, सगळं तुम्हाला तोंडपाठ. हिच्या नवऱ्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये. आणखी कसली ओळख पाहिजे? लिहा. माझ्या कार्डावर लिहा, आणि विचारलं कुणी तर सांगा, मी जबाबदार."

दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "ह्ये बाकी बराबर हाय." मॅनेजरनं दिरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेन शोधायला लागला.

"आगं येडी का खुळी?" दिरांना आता वाचा फुटली. "घर चार गल्ल्यांवर आन् तू लॉजवर? धारा कोन काढनार?"

मला वाटलं आता ती नमेल. आवाज तिचा बारीकच होता, पण खाली मान घालून नव्हती बोलत. "तुमी काढा. म्हशी काय तुमाला वळखत न्हाईत व्हय?"

"आन् पोरं?"

"कालवण चुलीवर हाय म्हनून तुमीच आत्ता सांगितलंसा की. वाढून घ्या."

असं ती याआधी कधी बोलली असेल असं मला वाटत नाही, आणि दिरांनाही वाटलं नसावं. ते दोन-तीनदा जीपकडे गेले आणि परत आले. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्ये तुमी शिकिवलं." मी म्हटलं, मी दहा मिनिटांत एवढं शिकवू शकत असते तर चौतीस वर्षं नर्स कशाला राहिले असते. जीप धूळ उडवत गेली. तिला माझ्या समोरची खोली मिळाली. आमचं दोघींचं त्यानंतर एका शब्दाचंही बोलणं झालं नाही, आणि दोघींनाही ते नको होतं.

मी सकाळी साडेसातला उठले. उठले म्हणजे डोळे आपोआप उघडले. दोन्ही कान बंद करून झोपले होते. आंघोळ केली, केस विंचरले, खाली आले, तर काउंटरजवळच्या खुर्चीवर दीर बसलेले. पँटवर शेणाचे डाग, डोळे लाल. सहापासून बसलेत, असं मॅनेजरनं खुणेनं सांगितलं.

"वयनी, हाक मारा की तिला. आठ वाजाय आलं."

मी वर गेले. दारावर हळूच बोट वाजवलं.

"कोन?"

"मी."

"आन् खाली कोन हाय?"

"तुझा नवरा."

आतून कूस वळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्यास्नी सांगा, मी झोपलीया."

मी जिना उतरून दिरांना सांगितलं, "झोपलीय ती."

"आता बोलली न्हवं? खाली ऐकू आलं मला."

"झोपेतच बोलली, भावजी," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठीही एक चहा सांगितला.