नाताळच्या टेबलावर केळीची पानं

केळीचं पान ओल्या फडक्याने पुसलं की त्याचा हिरवा वास येतो, आणि मी मिठबावच्या आमच्या घरी, लहानपणीच्या एका नाताळात जाऊन पोचते. गोव्याहून मावशीचं अख्खं कुटुंब जेवायला येणार होतं आणि घरात तेवढ्या बश्याच नव्हत्या.

"आता पावण्यांका कशात वाढू?" आई रडकुंडीला आली होती.

मी परसातून पानं कापून आणली. शेजारच्या काकूंकडे चतुर्थीला मांडतात तशीच, टोक डावीकडे करून, पांढऱ्या टेबलक्लॉथवर मांडली. मधोमध अबोलीचे वळेसर, करवंट्यांत मेणबत्त्या. वर ऐटीत प्रत्येक पानाशेजारी काटा-चमचाही ठेवला!

मावशी दारातच थबकली. "ह्या कोणी मांडल्यान गो?"

"माझ्या चेडवान!" आईने मला, तिच्या लेकीला, पुढे करत सांगितलं.

मावशीने हसत काटा बाजूला सारला आणि वडा हाताने कोंबडीच्या रश्यात बुडवला. मी फुशारून गेले. आईचा आवाज मात्र मला आज जास्त ऐकू येतो. श्रीमंत बहिणीसमोर ती नेहमी हळूच बोलायची. त्या दिवशी तिचा आवाज पार अंगणापर्यंत गेला होता.

आता माझ्याकडे सगळ्यांना पुरेल असा डिनर सेट आहे. नाताळला तो कपाटातच राहतो.