भर दुपारचा भयपट

पेणमध्ये आम्ही म्हातारे कट्ट्यावर जुन्या थिएटरच्या गोष्टी काढत बसतो. बोलणं त्या एका सिनेमापर्यंत आलं की मी चपला शोधू लागतो. इतकी वर्षं असंच केलं. तो सिनेमा का पडला याचं खरं उत्तर त्या कट्ट्यावर फक्त माझ्यापाशी आहे. आता कट्ट्यावर दोघेच उरलो आहोत आणि दुसऱ्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून काढतो.

नव्वदच्या दशकात मी पेणला एका कचेरीत कारकून होतो आणि रोह्यात छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकात सिनेमावर लिहीत असे. त्यात मिळकत नव्हती, पण मान होता. मी बरं लिहिलं की थिएटरवाले ते कापून तिकिटाच्या खिडकीशेजारी चिकटवत. वाईट लिहिलं की सिनेमा लवकर उतरवत.

मला जवळचा म्हणावा असा एकच मित्र होता. आमच्याच खाडीकाठच्या गावचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. मुंबईला स्टुडिओत वायरी ओढण्यापासून त्याने सुरुवात केली आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर स्वतःचा सिनेमा काढला. तसा सिनेमा मराठीत तेव्हा कोणी काढत नव्हतं. समुद्र चढत जातो, रेडिओवरची स्टेशनं एकेक करून गप्प होतात, जग बुडतं. टेकाडावर एक घर उरतं. आत नवरा, बायको आणि एक मुलगा. खालून अनोळखी माणसं येतात, दार ठोठावतात, मग धडका मारू लागतात. जवळजवळ सगळा सिनेमा आपण त्या कुटुंबाबरोबर आत असतो. बाहेरच्यांची फक्त बोटं दिसतात, फटींतून आत आलेली.

मुंबईत तो आठवडाभरही टिकला नाही. एका दैनिकाने चार ओळींत कौतुक केलं, दुसऱ्याने चार ओळींत झोडलं. मित्राला त्याचं काही वाटलं नाही.

"आपली मानसं बघतील, तवा खरा," म्हणाला. पेण आणि मग रोहा, एवढ्यावरच त्याचं लक्ष होतं.

पोस्टर त्याने हमरापूरच्या एका कारागिराकडून रंगवून घेतलं. गणपतीचे डोळे आखणारा माणूस. एसटी स्टँडसमोर ते लागलं, तर त्यावर नट नाही, नटी नाही. एक किलकिली खिडकी आणि फटीत एक डोळा. लोक थबकून बघत.

"काय रं, बाप्पा लपून बघतोय काय, मोदक कोन आनतोय त्ये?" एक टेम्पोवाला म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो.

रविवारी पहिला खेळ होता. खाडीकाठच्या गावांतून माणसं टेम्पो भरभरून आली. मी मधल्या रांगेत, एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला त्याची म्हातारी आई. पडद्यावर दार वाजू लागलं. मुंबईकर इथे घाबरले असतील. आमची माणसं चिडली.

"उघड की दार!" पुढच्या रांगेतून कोणी ओरडलं.

"आरं, पानी चढलंय, दिसत नाय काय तुला?"

"त्या हिरोला काढा रं भायेर, म्हंजी कळंल!"

माझ्या शेजारी म्हातारी पडद्यावरच्या बाईला कळवळून सांगत होती, "उघर गो बाय, पोरां भिजतान!"

ज्याने खाडी अडवणारा खारजमिनीचा बांध फुटलेला पाहिलाय त्यालाच हे कळेल. उधाणाला बांधात भगदाड पडलं की खालची आळी उंचावरच्या घरांत जाते. कोणाचं घर, कुठली भावकी, कालचं भांडण, काही बघत नाहीत. त्या वेळी उंचावरच्या घराने दार लावायची रीत नाही. त्यामुळे पेणच्या थिएटरात खलनायक बाहेर नव्हता, आत होता. मित्राला हेच हवं होतं. अंधारात तो माझ्या कानाशी म्हणाला, "बघ. समजला त्यांना."

मग तो प्रसंग आला. आतल्या खोलीतून बाप विचारतो, कोण आहे? मुलगा खिडकी बोटभर उघडतो. बाहेर त्याच्याच वयाचा एक पोरगा उभा असतो, केस कपाळाला चिकटलेले, सरळ त्याच्याकडे बघत. मुलगा खिडकी लावतो आणि सांगतो, "कोणी नाही. वारा आहे."

शेजारी बसलेल्या मित्राकडे मान वळवायचं मी टाळलं.

चौथीत होतो मी. अमावास्येचं उधाण आमच्याकडे भर दुपारी चढतं. त्या दिवशी पाऊस होता आणि बांध फुटला. आई, काका, गावातली धडधाकट माणसं चिखल आणि पेंढा घेऊन बांधाकडे पळाली होती. आमचं घर गावात सगळ्यांत उंचावर. बाप हिवतापाने आत पडलेला. दार वाजलं. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. माझा मित्र होता, मागे त्याची आई, तिच्या कडेवर धाकटी.

"कोन हाय रं?" बापाने विचारलं.

"कोन नाय. वारा हाय."

का म्हणालो? मला वाटलं, दार उघडलं की पाणी आत येईल. एवढंच. पाणी आमच्या अंगणाच्या कितीतरी खाली होतं, पण ते मला मोठा झाल्यावर कळलं. ओहोटी लागेपर्यंत ती तिघं भिंतीला चिकटून पावसात उभी होती. माझी आई बांधावरून परत येण्याआधी ती निघून गेली. आमच्या घरी कोणी कधी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा तो येऊन माझ्याजवळच बसला. त्यावरून मी ठरवून टाकलं की फटीतला डोळा माझा होता हे त्याने ओळखलं नव्हतं. त्या समजुतीवर आमची सगळी दोस्ती उभी होती, निदान माझ्या बाजूने.

सिनेमाच्या शेवटी तो मुलगा स्टूल ओढत नेतो आणि अडसर काढतो. माणसं आत येतात. कोणी कोणाला मारत नाही. एक बाई विचारते, चूल कुठेय? आणि पडद्यावर नुसती चूल पेटताना दिसते. थिएटरात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडल्या. दारात म्हातारीने माझा हात धरला. "तू पेपरात लिवतोस ना बाबा? बरा लिव हां."

मी लिहिलं. हा भयपट भर दुपारी घडतो, त्यामुळे भीती वाटत नाही. पेणच्या प्रेक्षकांनी पहिल्या खेळालाच आरडाओरडा केला. नायकाला बाहेर काढा, अशी मागणी झाली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटत होतं, त्या दिवशी सगळ्या थिएटरला कळलं की पोस्टरवरचा डोळा कोणाचा.

रोह्याच्या थिएटरवाल्याने ते वाचलं आणि सिनेमाला फक्त सकाळचा खेळ दिला. मी गाडीने गेलो, पाहायला. हॉलमध्ये माणसांपेक्षा पंखे जास्त होते. कोणी ओरडलं नाही. शेवट होण्याआधीच मी बाजूच्या दाराने निघून स्टेशन गाठलं. पुढे मग कोणी तो सिनेमा घेतला नाही.

नंतर मित्र एकदा माझ्या कचेरीत आला. बराच वेळ माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला.

"शेवटाचा काय नाय लिवलास?"

"जागा नव्हती," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "जागा नसंल."

त्याने पुन्हा सिनेमा काढला नाही. रोह्याला एका कंपनीत शिफ्टवर लागला, नदीकडच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. मी सिनेमावर लिहिणं सोडलं. माझ्या लिखाणाची चौकशी करायला कोणी आलं नाही.

काही वर्षांनी एका दुपारी मी मनाशी सगळं जुळवून रोह्याला गेलो. गाडीत वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. त्याच्या दाराशी पोचलो, कडीला हात घालणार, तोच आतून दार उघडलं. त्याने मला खिडकीतून येताना पाहिलं होतं.

"ये ये. भायेर काय उभा?"

मी आत गेलो. चहा झाला. गुडघेदुखीवर बोलणं झालं, भरती-ओहोटीवर झालं, म्हातारी गेल्याचं त्याने सांगितलं. तो मध्येच माझ्याकडे बघायचा आणि थांबायचा. मी घड्याळ बघून उठलो. त्यानंतरही गेलो, दर खेपेला तसंच. दर खेपेला दार त्यानेच आधी उघडलं. मग एका पावसाळ्यात तोही गेला, आणि रोह्याला जायचं काही कारण उरलं नाही.

गाडीत घोकलेली वाक्यं अजून पाठ आहेत. मी तुला ओळखलं होतं. तुझ्या आईला, धाकटीलाही. वारा नव्हता. माझं चुकलं. आणि तुझ्या सिनेमाचा शेवट मी पुरा पाहिला होता, तो फार चांगला होता.